पोटातला गोळा कुणाचा?

मॅचच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. मैदानावर उतरायच्या आधी तीनदा संडासला पळावं लागतं. हाताला घाम, तोंडाला कोरड, पोटात गोळा. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या कुठल्याही पोरीला हे माहीत आहे. पण बोलत कुणी नाही. बोललं की सर म्हणणार, "ही घाबरते. बसवा बाहेर."

मी कबड्डी खेळले. तीन वर्षं, डावा कोपरा. तिन्ही वर्षं गप्प बसले. आज बोलते.

आधी शरीराचं बघू. झुंजायची वेळ आली की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. काळीज धडधडतं, रक्त पोटाकडनं हातापायांकडं वळतं. म्हणून घास जात नाही. शरीर तयारीला लागलेलं असतं. बंगल्यातल्या पोरीचं लागतं, झोपडपट्टीतल्या पोरीचंही लागतं. ह्यात लाज कसली?

ही भीती मोजायची मापं आहेत. अमेरिकेतल्या रेनर मार्टेन्सनं १९७७ साली एक चाचणी छापली. पंधरा विधानं. त्यातली पाच नुसती भरतीची, उरलेल्या दहांवर दहा ते तीस गुण. आपल्याकडं शारीरिक शिक्षणाचे प्रबंध लिहिणारे आजही हाच कागद पोरींच्या हातात देतात. द्या. कागद खोटा नाही. पण तो अर्धा आहे. चूक होईल अशी काळजी वाटते का, एवढं तो विचारतो. चूक झाली तर पोरी तुझं काय होईल, हे विचारत नाही.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पाळी आलीय नि मैदानावरच्या संडासाला कडी नाही. हरलो तर घरात म्हणणार, पुरे झाला खेळ, आता स्थळ बघा. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा, त्यावर आईचा जीव टांगलेला. आणि सात जणींत आडनाव माझंच वेगळं. दुसरीची पकड सुटली की 'बॅड लक'. माझी सुटली की "ह्यांना सवलतीनं घेतलं की असंच व्हायचं." हा गोळा अ‍ॅड्रेनलिनचा नव्हे. हा बाहेरून आणून माझ्या पोटात ठेवलेला आहे.

म्हणतात, सांघिक खेळात भीती कमी, कारण हार सगळ्यांत वाटली जाते. खरंच वाटली जाते? कॉलेजचं सोडा, ऑलिंपिकचं बघा. ३१ जुलै २०२१, टोकियो. वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून २-१ नं हरला. हरला अख्खा संघ. फटाके फुटले ते हरिद्वारजवळ, रोशनाबादला, वंदनाच्या दारात. जातीवरनं शिव्या दिल्या, अशी घरच्यांनी पोलिसात तक्रार केली. सगळ्या संघाची हार एका घरावर लादली! आणि दोनच दिवसांनी, कांस्यपदकाच्या मॅचमध्ये, त्याच पोरीनं ब्रिटनवर गोल मारला.

ती कणखर होती म्हणून टाळ्या वाजवू. पण प्रत्येक पोरीनं एवढं कणखर का व्हावं?

सर सांगतात, खोल श्वास घे, मन आवर. घ्यावा श्वास, उपयोग होतो. पण श्वासानं संडासाला कडी लागत नाही. म्हणून पोरींनो, मागा. कडी मागा, पाणी मागा, संघासोबत बाई मॅनेजर मागा. निवड कशी झाली ते फळ्यावर लिहून मागा. आणि आदल्या रात्री गोल करून बसा. प्रत्येकीनं आपली भीती मोठ्यानं सांगा. शेवटच्या वर्षी आम्ही तसं बसलो. सवर्ण पोरीही रडल्या, त्यांच्या पोटातही बापाच्या धाकाचे गोळे होते. दुसऱ्या दिवशी हरलो. पण सात जणी मिळून हरलो.

आणि भावांनो, तुम्ही मोर्चात पुढं असता. मग बहीण शॉर्ट्स घालून मैदानावर निघाली की तोंड वाकडं का होतं? तिच्या पोटातला निम्मा गोळा तुम्ही ठेवलाय. आधी तो काढा. मग घोषणा द्या.