वरण तळापासून ढवळून बघा

गेल्या महिन्यात भाचीला भेटायला तिच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात गेले होते. रेक्टरबाईंची परवानगी घेतली, पाहुण्यांचं कूपन घेतलं आणि रात्री साडेआठला तिच्याबरोबर मेसच्या रांगेत उभी राहिले. वरणाच्या पातेल्याशी पोचलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "आत्या, तळापासून ढवळून घे. डाळ खाली बसलेली असते." मी डाव तळाला नेला, ढवळला, वर काढला. पिवळं पाणी, मोहरीचे चार दाणे आणि कढीपत्त्याचं एक पान.

तिथल्या चपात्या संध्याकाळी पाचलाच भाजून होतात. गरम असतानाच मोठ्या डब्यात रचल्या की वाफ आत कोंडते. साडेआठला खालच्या चपात्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि वरच्या चामट झालेल्या. प्रॅक्टिकल संपवून उशिरा येणाऱ्या मुलींच्या वाट्याला भाजीतला नुसता रस्सा उरतो.

टेबलाशी बसल्यावर मुलींनी आपापल्या बरण्या काढल्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, लोणचं, कुणाच्या आईने कढवून दिलेलं तूप. नांदेडकडच्या एका मुलीने भातावर चटणी घेतली, वर कच्चं तेल घातलं, कालवलं आणि जेवली. वरणाच्या वाटीला तिने हातही लावला नाही. "चटणी महिनाभर पुरवायची असते," ती म्हणाली. "संपली की मग चहा-बिस्किटं."

या मुलीचे आईवडील तिच्या मेसचे पैसे दर महिन्याला आगाऊ भरतात.

"हॉस्टेलचं जेवण असंच असतं" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते आपल्याला खटकेनासं झालंय. मला ते मान्य नाही. अठरा ते तेवीस या वयात घरापासून लांब राहून जी मुलं शिकतात, त्यांच्यासाठी मेस ही सोय नव्हे, तो त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. ग्रंथालयात पुस्तकं नसतील तर आपण आरडाओरडा करतो. वरणात डाळ नसेल तर तेवढाच आरडाओरडा व्हायला हवा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला २००० कॅलरींच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असावं, असं त्यात सांगितलंय. आता हा हिशोब मेसला लावा. तीनशे मुलींच्या शाकाहारी मेसमध्ये दिवसाला २५ किलोंच्या वर डाळ-कडधान्य शिजायला हवं. खरोखर किती शिजतं, ते कोठीच्या वहीत लिहिलेलं असतं. ती वही मात्र कुणी मागत नाही.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातलं चित्रही असंच आहे. अशा मुलींना आपण दिवसातून दोनदा बटाट्याचा रस्सा वाढतो आणि दुपारच्या तासाला त्या पेंगतात म्हणून त्यांनाच बोलतो.

यात दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. जेवणाचं कंत्राट सर्वात कमी दराच्या निविदेला जातं. दर वर्षभरासाठी बांधलेला असतो. डाळ, तेल, गॅस मात्र महिन्या-महिन्याला महागतात. मग डाळीत पाणी वाढतं आणि तेच तेल पुन्हा पुन्हा कढईत येतं. हरभरे लवकर शिजावेत, गॅस वाचावा म्हणून सोडा पडतो आणि त्या सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मुलं कंटाळून बाहेर वडापाव खातात. खाडे वाढले की ठेकेदाराचं उत्पन्न घटतं आणि ताट आणखी पातळ होतं. भट्टीपाशी घामाघूम होऊन शेकडो चपात्या लाटणाऱ्या बायकांना यातलं काहीच ठरवता येत नाही. त्यांच्यावर ओरडून काय मिळणार?

मुलांना काय हवं आहे, ते त्यांनीच सांगितलंय. २०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात द्यायचं ठरवलं. त्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे नकोत, मेस द्या, अशी त्यांची मागणी होती. मला या मागणीत मोठं शहाणपण दिसतं. हातात आलेला पैसा आधी पुस्तकाला, परीक्षेच्या फॉर्मला, घरच्या अडीअडचणीला जातो. पोटाची पाळी सर्वात शेवटी येते. वेळेवर वाढलेलं गरम ताट मात्र कुणी दुसरीकडे वळवू शकत नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं काढली ती खेड्यातल्या मुलांना शहरात राहा-जेवायला जागा नव्हती म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपल्या राज्यातल्या बहुजनांचं शिक्षण अशा चुलीवर शिजलंय. त्याच राज्यात आज विद्यापीठाच्या इमारतीला कोट्यवधी रुपये मिळतात आणि जेवणासाठी सर्वात स्वस्त माणूस शोधला जातो.

उपाय अवघड नाहीत. निविदेत दराबरोबर रोजच्या डाळीचं, भाजीचं, दुधाचं वजन लिहा आणि महागाईप्रमाणे दर वाढवायची सोय ठेवा. भोजन समितीवर निवडून आलेले विद्यार्थी घ्या, कोठीची वही त्यांना रोज बघू द्या. चपात्या दोन पाळ्यांत करा, म्हणजे उशिरा येणारीलाही गरम मिळेल. आणि आठवड्यातून एकदा, आधी न कळवता, रेक्टरांनी आणि कुलसचिवांनी मुलांच्या रांगेत उभं राहून त्याच पातेल्यातलं जेवावं. त्यांच्यासाठी वेगळं ताट नको.

पालकांनाही एक सांगणं आहे. मुलाला भेटायला गेलात की खोली बघता, गादी बघता, नळाला पाणी येतं का बघता. पुढच्या वेळी कूपन घ्या, मेसमध्ये बसा आणि वरण तळापासून ढवळून बघा. डाव रिकामा वर आला तर तिथून उठून थेट कार्यालयात जा आणि कोठीची वही मागा.