आगगाडीच्या टेबलाखालची जागा

स्वीडनमधील ब्रिओ कंपनीनें १९५८ सालीं लांकडी रुळांची खेळातली आगगाडी काढली. तशा गाड्या आतां आपल्या घरांतूनही दिसतात, व त्यांसाठीं बुटकें टेबलही केलें जातें. परंतु उरलेले रूळ, पूल, डबे ठेवावयाचे कोठें? ते जमिनीवरच पडतात. आणि रात्रीं दिवा न लावतां उठणाऱ्या आजीच्या पायाखालीं चाकांचा डबा आला, तर खुब्याचें हाड मोडावयास वेळ लागत नाहीं.

टेबलाखालची जागा मोजून तींत सरकतील असे चाकांवरचे दोन खण सुताराकडून करून घ्यावे. उंचींतून चाकें वजा करून वर अर्धा इंच मोकळा ठेवावा. बाजूंस १२ मिलिमीटरचें प्लायवुड, तळास ६ चें पुरे. मूठ नको, तिच्यावर पोराचें कपाळ आपटतेंच. फळींतच हात जाईल अशी खांच पाडावी. झांकणही नको. त्यांत बोटें चेंगरतात, शिवाय झांकलेली वस्तु मुलाच्या लेखीं नाहींशीच झालेली असते. खोली चार-पांच इंचच असावी. नाहीं तर एका रुळासाठीं सारा खण पालथा होतो.

वर मांडलेला मार्ग मात्र रोज मोडावयास लावूं नये. दोन दिवस खपून उभारलेला पूल काका-आत्यांनीं आवराआवरीच्या नांवाखालीं उचलावा, हा आम्हांस अन्याय वाटतो. आणि खणांवर चुलतभावंडांचीं नांवें घालूं नयेत. एकांत रूळ, दुसऱ्यांत गाड्या असें ठेवावें. म्हणजे खेळावयाचें झाल्यास प्रत्येकास दोन्ही खण उघडावे लागतात.