एका डिस्कचे दोन मालक

"स्टोरेज नेटवर्कवर आहे ना? मग ती डिस्क दोन्ही व्हर्च्युअल मशिनना जोडून टाका. एक बंद पडलं तर दुसरं आहेच." हा सल्ला आमच्याकडच्या शिक्षणसंस्थांना, छोट्या दवाखान्यांना, पतसंस्थांना सर्रास दिला जातो. मला तो बेजबाबदार वाटतो. का, हे संगणकाचं शिक्षण नसलेल्या विश्वस्तांनाही कळायला हवं, कारण सल्ला चुकला तर सल्लागाराचं काहीच जात नाही.

व्हर्च्युअल मशिन म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. त्याची हार्ड डिस्क ही बहुतेक वेळा एक भलीमोठी फाईल असते. ती फाईल नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवर ठेवली, की एक सर्व्हर जळाला तरी दुसरा तीच फाईल उघडून तेच मशिन पुन्हा चालू करतो. व्हीएमवेअरने २००३ साली व्हीमोशन आणलं, त्यात चालतं मशिन न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर नेता येऊ लागलं, तेही सामायिक स्टोरेजच्याच जोरावर. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच डिस्कवर एकाच वेळी दोन मशिननी लिहिण्याबद्दल.

असं समजा, शाळेचं जनरल रजिस्टर एक आणि कारकून दोन, वेगवेगळ्या खोल्यांत. शिपाई लागेल ते पान नेऊन देतो. कोणती पानं कोरी आहेत ते दोघांनी सकाळीच पाहून लक्षात ठेवलंय. पुन्हा पाहायची गरज दोघांनाही वाटत नाही, कारण रजिस्टर आपल्या एकट्याच्याच ताब्यात आहे अशी प्रत्येकाची समजूत आहे. दोघेही तेच कोरं पान मागवतात. पहिल्याने लिहिलेल्या नावावर दुसरा आपलं नाव लिहितो आणि दोघेही समाधानाने घरी जातात.

विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या फाईल मांडणीच्या पद्धती नेमक्या याच समजुतीवर उभ्या आहेत. डिस्कवर मोकळी जागा कुठे आहे याचा हिशेब त्या मेमरीत ठेवतात आणि दुसरं कुणी लिहीत असेल अशी शंकाही घेत नाहीत. म्हणून लगेच चूक दिसत नाही. काही दिवस सगळं सुरळीत वाटतं. मग कधीतरी मशिन पुन्हा चालू करताना निम्म्या फाईली उघडत नाहीत, किंवा उघडतात पण आत भलत्याच फाईलचा मजकूर निघतो. "दुसऱ्याला फक्त वाचू द्या" हाही उपाय नव्हे. वाचणाऱ्याकडचा हिशेब शिळा होतो आणि तो चुकीचं वाचतो.

एका तालुक्याच्या गावी मी हे पाहिलं आहे. शाळेने जुनी रजिस्टरं स्कॅन करून ठेवली होती, मूळ पानांचे तर तुकडे पडत होते. सल्लागाराने ती डिस्क दोन मशिनना जोडली. कित्येक वर्षांची पानं गेली. बागवान, पिंजारी, अत्तार अशा ओबीसी घरातल्या मुलाला जातीचा दाखला काढायचा, पडताळणी करायची, तर वडिलांची, आजोबांची शाळेतली नोंद लागते. ती नोंद म्हणजे संस्थेकडे ठेवलेली अमानत. ती गेल्यावर त्या मुलाने कोणत्या खिडकीवर जाऊन तक्रार करायची?

यावर हमखास उत्तर येतं: "मोठ्या कंपन्या करतातच की!" करतात, पण काय करतात ते नीट पाहा. व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएसवर अनेक सर्व्हर एकच स्टोरेज वापरतात खरे, पण चालू मशिनच्या डिस्क फाईलला कुलूप असतं आणि ते एका वेळी एकाच सर्व्हरच्या हाती असतं. क्यूईएमयूनेही २०१७ साली २.१० आवृत्तीत असं कुलूप आणलं. खरोखर दोघांनी लिहायचं असेल तर जीएफएस२, ओसीएफएस२ यांसारख्या पद्धती लागतात. त्यात प्रत्येक मशिन दुसऱ्याला विचारूनच लिहितं. ही व्यवस्था सांभाळायला जाणकार माणूस लागतो. आमचे सल्लागार मात्र मोठ्यांची व्यवस्था घेत नाहीत, फक्त कुलूप काढण्याचा पर्याय तेवढा शोधून काढतात. कुलूप आडवं येतंय म्हणून ते तोडणाऱ्याला आपण तज्ज्ञ का म्हणायचं?

बरं, हट्टाची गरज तरी काय? दोन मशिनना त्याच फाईली हव्या असतील तर डिस्क एकाच मशिनकडे ठेवा आणि त्यातलं फोल्डर एनएफएसने किंवा विंडोजच्या शेअरने वाटा. मग लिहिणारा एकच राहतो, बाकीचे त्याच्याकडे मागतात. संगणक कक्षात तीस मुलांना सारखंच मशिन द्यायचं असेल तर मूळ डिस्क सर्वांसाठी फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि प्रत्येकाचे बदल वेगळ्या छोट्या फाईलमध्ये जाऊ द्या. क्यूकाऊ२ मध्ये ही सोय फुकट आहे. जागाही वाचते. मूळ डिस्कला मात्र नंतर हात लावायचा नाही.

आणखी एक गोड गैरसमज: सामायिक स्टोरेज घेतलं, म्हणजे बॅकअपची चिंता मिटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरच्या हजारो व्हीएमवेअर सर्व्हरांवरील मशिनच्या फाईलींनाच कुलूप ठोकलं. ज्या त्रुटीतून तो शिरल्याचं त्या वेळी सांगितलं गेलं, तिची दुरुस्ती २०२१ च्या फेब्रुवारीतच आली होती. सगळ्या डिस्क एका जागी असणं ही सोय आहे, तशीच ती चोराचीही सोय आहे. वेगळ्या ठिकाणी, नेटवर्कपासून तोडून ठेवलेली प्रत हाच बॅकअप.

म्हणून विश्वस्तांना माझं सांगणं आहे. बिल मंजूर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. या डिस्कवर एका वेळी कोण लिहितो? कुलूप चालू आहे की बंद केलंय? तोडून ठेवलेल्या प्रतीवरून मशिन शेवटचं कधी उभं करून पाहिलं? उत्तरं लेखी घ्या. इमारतीच्या रंगासाठी तीन निविदा मागवणाऱ्या संस्थेने पिढ्यांच्या नोंदींसाठी तीन प्रश्न विचारायला लाजण्याचं कारण नाही.