मधेच घुसणारं हेडर

शनिवार सकाळ. कसबा पेठेत तांबट आळीची ठोकाठोक सुरू, हातात चहा, आणि डोक्यात कालचा राग. काल एका प्रोजेक्टच्या मेकफाइलमध्ये परत तीच ओळ दिसली: ‘-आयसिस्टम /यूएसआर/इन्क्लूड’. मंडळी, ही ओळ लिहिणं बंद करा!

गोष्ट 2017ची. आमच्या हापिसात नवा जीसीसी आला आणि एक सी प्लस प्लस लायब्ररी बिल्ड होईना. एरर काय, तर ‘स्टडलिब डॉट एच’ सापडत नाही. अहो, फाइल समोर दिसतेय, जागच्या जागी! नुकत्याच लागलेल्या एका पोराने दोन दिवस घातले, मशीन पुसून लिनक्स परत टाकलं. वर सगळ्यांनी त्यालाच ऐकवलं, "तुझंच काहीतरी गंडलंय." ऐकवणाऱ्यांत मीही होतो.

आता यातली गंमत बघा. जीसीसीची हेडर शोधायची यादी ठरलेली असते. आधी ‘-आय’ने दिलेल्या डिरेक्टऱ्या, मग ‘-आयसिस्टम’वाल्या, मग कंपायलरच्या स्वतःच्या. त्यातही सी प्लस प्लसची हेडर्स आधी, ‘/यूएसआर/इन्क्लूड’ अगदी शेवटी. जीसीसी 6 (2016) पासून ‘सीस्टडलिब’ हे हेडर सीचं मूळ ‘स्टडलिब’ मागतं ते ‘इन्क्लूड नेक्स्ट’ने. म्हणजे, यादीत माझ्या मागे जे उभे आहेत त्यांच्यातच शोध.

पुणेकरांना हे सांगायला नको. विसर्जनाला कसबा गणपती पहिला, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि पाचवा केसरीवाडा. आता कोणीतरी केसरीवाड्याला उचलून कसब्याच्या पुढे नेलं, आणि तुळशीबागवाल्यांनी "आमच्या मागचा मानाचा गणपती कुठाय?" म्हणून मागे वळून पाहिलं, तर रस्ता रिकामा! ‘-आयसिस्टम’ हेच करतं. हीच डिरेक्टरी ‘-आय’ने दिली तर जीसीसी चक्क कानाडोळा करतो, क्रम बिघडू देत नाही. ‘-आयसिस्टम’ला मात्र तो अडवत नाही.

"पण त्याने वॉर्निंगा गप्प होतात ना!" होतात, मान्य. सिस्टम हेडरमधल्या वॉर्निंगा जीसीसी दाबतो. मग बाहेरून आणलेल्या लायब्ररीच्या स्वतंत्र डिरेक्टरीला खुशाल लावा. पण ‘/यूएसआर/इन्क्लूड’ आधीच सिस्टमची आहे. तिथे हा फ्लॅग लावून मिळतं काय? घंटा.

दुसरा युक्तिवाद: "माझ्या मशीनवर चालतंय." चालणारच, कंपायलर जुना असेल तर! पण लायब्ररी लिहिणारा माणूस स्वतःच्या मशीनसाठी लिहीत नसतो. पीकेजी-कॉन्फिगला हे कळतं, तो ‘/यूएसआर/इन्क्लूड’ आपणहून गाळतो. आपल्याला का कळू नये?

तेव्हा पुढच्या वेळी हेडर सापडलं नाही की आधी कंपायलरला ‘-व्ही’ देऊन यादी बघा. शोध कुठून सुरू होतो, कुठे संपतो, सगळं छापून येतं. पाच मिनिटांचं काम. मशीन पुसू नका, आणि नव्या पोराला तर मुळीच झापू नका.

आणि हो, 2017ची ती ओळ. बदलांची नोंद उघडून पाहिली तर 2014 साली कोणीतरी टाकलेली. नाव माझंच होतं. त्या पोराला मी चहा पाजला, पण सॉरी म्हणायचं राहिलं. ते आज म्हणतो.