समजून घ्या : डीपीआधीचा 'तो' नकाशा नाशिककरांना आधी का दाखवायला हवा?

नाशिकमध्ये प्लॉट घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'झोन कोणता, यलो की ग्रीन?' दुसरा प्रश्न आरक्षणाचा. विकास आराखड्यात, म्हणजेच डीपीत, जमिनीवर कोणता रंग आहे यावर तिचा भाव ठरतो. पण डीपीच्या आधी आणखी एक नकाशा तयार होतो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. पुढे काय करायचे हे तो सांगत नाही. आज जागेवर प्रत्यक्ष काय आहे, एवढेच तो दाखवतो. हा नकाशा चुकला तर त्यावर उभा राहणारा आराखडाही चुकतो. म्हणूनच तो आराखड्याआधी लोकांसमोर यायला हवा.

हा नकाशा नेमका काय आहे?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २५ मध्ये त्याची तरतूद आहे. आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर झाला की सहा महिन्यांत, किंवा शासनाने वाढवून दिलेल्या मुदतीत, नगररचना अधिकाऱ्याने हद्दीतील जमिनींची पाहणी करून 'विद्यमान जमीन वापर नकाशा' तयार करायचा असतो. घरे, दुकाने, कारखाने, शेती, शाळा, रस्ते, पाणी अशा प्रत्येक वापराला त्यात वेगळी खूण असते. कोणत्या भागात मैदान कमी आहे, कुठे शाळा नाही, याचा हिशेब यावरून होतो. त्यातूनच पुढे आरक्षणे पडतात.

अडचण अशी, की आराखड्यातील प्रस्तावांवर नागरिकांना हरकत घेण्याची संधी कायद्याने मिळते ती प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर. तोवर रस्त्यांच्या रेषा आखून झालेल्या असतात.

ही पद्धत आली कुठून?

'आधी पाहणी, मग आराखडा' हे सूत्र मांडणारे स्कॉटिश अभ्यासक पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. आजाराचे निदान न करता औषध देऊ नये, तसे शहराचेही, असे त्यांचे म्हणणे होते. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये भूगोलतज्ज्ञ डडली स्टॅम्प यांनी देशभरातील जमीन वापराची पाहणी केली. शेताशेतात फिरून नकाशे भरण्याचे बरेचसे काम शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याच्या नियोजनासाठी हे नकाशे उपयोगी पडले.

उपग्रह असताना जागेवर जायचे कशाला?

सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे मोफत मिळतात. त्यातील सर्वात बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक ठिपका जवळपास एक गुंठा! शहर शेतीवर किती आणि कुठल्या दिशेने सरकले, हे समजायला एवढे पुरते. जमीन वापरावरील बरेच शोधनिबंध अशाच छायाचित्रांवर आधारलेले असतात.

पण ठिपका सगळे सांगत नाही. गंगापूर रोडवरचे लग्नाचे लॉन वरून हिरवेगार दिसते, पण तिथे चालतो तो व्यवसाय. शाळेचा स्लॅब आणि गोदामाचा स्लॅब आकाशातून सारखेच दिसतात. जुन्या नाशकातल्या वाड्यात खाली दुकान, वर बिऱ्हाड. हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

शिवाय पाहणी एका काळापुरती असते, जमिनीचा वापर मात्र बदलत राहतो. तपोवनातील साधुग्राम १२ वर्षांतून एकदा उभे राहते. एरवी तीच जागा वेगळी दिसते. गोदाकाठच्या काही जागा वर्षानुवर्षे कोरड्या असतात, पण सप्टेंबर २००८ च्या पुरासारख्या वेळी तिथे नदी येते. पूररेषा याचसाठी असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. विद्यमान वापराच्या नकाशात ही माहिती सोबत नसेल, तर मोकळी दिसणारी जागा 'रिकामी' ठरते.

नकाशा चुकला तर काय होते?

मुंबईचे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात असंख्य चुका निघाल्या. जागेवर असलेल्या वास्तू नकाशात चुकीच्या नोंदल्याच्या तक्रारी आल्या. एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा नव्याने दुरुस्त करण्याचे आदेश दिले. अंतिम मंजुरीला २०१८ उजाडले. नाशिकनेही वाट पाहिली आहेच. १९९३ नंतरचा सुधारित आराखडा मंजूर झाला तो जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल दोन तपांनी.

मग आत्ताच घाई कशाची?

कायद्यानुसार आराखड्याची सुधारणा २० वर्षांतून किमान एकदा व्हावी लागते. तो हिशेब २०३७ पर्यंत जातो. पण २०२७ हे वर्ष त्याआधी येते. कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. एका बाजूला जागा अडकून पडलेला मालक आहे, दुसऱ्या बाजूला मैदानाची वाट पाहणारी वसाहत. कोणती जागा अजून खरोखर मोकळी आहे आणि कुठे आधीच घरे झाली आहेत, हे माहीत नसेल तर मर्यादित पैसे कुठे खर्च करायचे हेच ठरवता येणार नाही.

काय करता येईल?

पहिले, महापालिकेने निदान आरक्षित जागांची प्रत्यक्ष पाहणी आत्ताच करावी आणि ती प्रभागनिहाय, मराठीत, मोबाइलवर उघडेल अशी ठेवावी. दुसरे, शहरातील अभियांत्रिकी, वास्तुकला आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना या कामात घ्यावे. त्यांचे प्रकल्प एरवी ग्रंथालयाच्या कपाटात जातात. नोंद विद्यार्थ्यांची असली तरी तपासणी आणि सही अधिकाऱ्याचीच हवी. तिसरे, पुढच्या डीपीच्या वेळी विद्यमान वापराचा नकाशा आधी प्रसिद्ध करून दुरुस्त्या मागवाव्यात. मुंबईने २०१२ मध्ये असा नकाशा लोकांपुढे ठेवला होता. तेवढ्याने चुका टळल्या नाहीत, कारण सूचना मागवणे आणि त्या नकाशात उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक सूचनेचे काय झाले, हेही जाहीर व्हावे.

नकाशा आधी दाखवला तर लोक रातोरात शेड उभारतील, ही भीती व्यक्त होते. ती अगदीच चुकीची नाही. पण उपग्रहाच्या छायाचित्रावर तारीख असते. मोठी शेड आधीची की नंतरची, हे त्यावरून तपासता येते. जमीन दलालांना फायदा होईल, हा आक्षेप तर उलटाच आहे. आतली माहिती मोजक्यांकडे असते तेव्हाच तिची किंमत असते. ती सगळ्यांच्या मोबाइलवर आली की आपल्या गल्लीतले मैदान नकाशात आहे की नाही, हे तिथले रहिवासी स्वतःच पाहू शकतील.