निजण्यापूर्वीची बेरीज

आयुष्य सुधारण्याच्या उपायांची सध्या अशी रेलचेल झाली आहे, की पहाटेचे उठणे, व्यायाम, मिताहार, वाचन आणि ध्यान या सर्वांचा संकल्प वर्षप्रतिपदेस एकदम सोडणारा गृहस्थ हनुमानजयंतीपर्यंत त्यांतील एकही पाळीत नाही, यात नवल वाटण्याजोगे काहीच नाही. मनुष्याने एकाएकी निराळे व्हावे, अशी या उपायांची मागणी असते. त्याहून पुष्कळच कमी मागणारी आणि म्हणूनच टिकणारी एक जुनी सवय आहे, ती म्हणजे निजण्यापूर्वी दिवसाचा जमाखर्च स्वहस्ते लिहून शिल्लक ताडून पाहणे.

बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी १८८८ साली विलायतेस गेलेले गांधीजी आपल्या आत्मकथेत सांगतात, की गाडीभाडे, टपाल, वर्तमानपत्र असा बारीकसारीक खर्चही ते टिपून ठेवीत आणि रात्री मेळ घातल्यावाचून निजत नसत. या वहीमुळे खर्च निम्म्यावर आणण्याचा विचार त्यांच्या मनात आला. बिऱ्हाड अशा ठिकाणी घेतले, की कामाच्या जागी पायी जाता यावे. आणि भाडे वाचविण्यासाठी सुरू झालेल्या रोजच्या आठ-दहा मैलांच्या चालण्याने त्यांची प्रकृतीही सुधारली. आरोग्यासाठी निराळी खटपट त्यांना करावी लागली नाही. आपण काय करतो हे नित्य डोळ्यांपुढे राहिले, म्हणून पुढची सुधारणा सुचत गेली.

कोणी म्हणेल, की मोबाइलवरून पैसे चुकते केले म्हणजे नोंद आपोआप होते, मग वहीचा खटाटोप कशाला? परंतु यंत्राच्या दफ्तरी रक्कम कोणास आणि केव्हा पोहोचली एवढेच दाखल होते. ती देण्याची गरज होती काय, हे यंत्र विचारीत नाही, आणि खिशातून नोट काढताना होणारी अल्पशी हुरहूरही आता उरली नसल्यामुळे, रोजचे ४० रुपये वर्षाकाठी १४,६०० होतात, हे साधे गणित सुशिक्षितांच्याही ध्यानी येत नाही. लिहिणाऱ्या हाताला तो प्रश्न सहसा टाळता येत नाही. मात्र ‘किरकोळ’ या सदराखाली काहीही न दडविण्याचे पथ्य पाळले पाहिजे.

ज्याची मिळकतच मुळी अपुरी आहे, त्याला वहीमुळे दोन घास अधिक मिळत नाहीत, आणि तुटपुंज्या वेतनाचा दोष मजुराच्या उधळपट्टीवर ढकलण्यासाठी या सवयीचा उपदेश करणे हा निव्वळ अन्याय होय. परंतु ज्या मध्यमवर्गीय घरात महिनाअखेरीस पैसा गेला कुठे, ही तक्रार नित्याची आहे, तेथे पाच मिनिटांची ही तजवीज अवश्य करावी. वही सर्वांना खुली ठेवावी, आणि जो गृहिणीकडून पैन्‌पैचा हिशेब मागतो, त्याने प्रथम स्वतःच्या विडीकाडीचा खर्च तीत दाखल करावा.