वाक्य माझं, पुरं मीच करणार

एसटीत ‘पनवेल’चा ‘प’ ओठांवर अडकला, की मी सरळ दादरचं तिकीट काढायचो आणि पनवेललाच उतरायचो. तोतरेपणा लपवायला वीस वर्षं असे जादा पैसे मोजले. आता आधीच सांगतो, “मी अडखळतो, जरा थांबा.” परवा कंडक्टर म्हणाला, “थांबतो की, गाडी कुठं पळतेय?” गाडी पळतच होती म्हणा!

हसणाऱ्यांचं सोडा. खरा वैताग भल्या माणसांचा. ‘सावकाश बोल, श्वास घे’ म्हणतात, नाहीतर माझं वाक्य स्वतःच पुरं करतात, तेही चुकीचं. मेडिकलवाल्याने ‘प... प...’ ऐकून पॅरासिटामॉल पुढे केली. मला पट्टी हवी होती. अंगठ्यातून रक्त गळत होतं. २२ ऑक्टोबरला जागतिक तोतरेपणा जागृती दिन असतो. त्या दिवशी भाषणं नकोत, काउंटरपलीकडच्याने पाच सेकंद गप्प बसावं.